पुन्हा वापरायचे रॉकेट आणि इंटरनेटचे उपग्रह : कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरून आकाश मोकळे झाले की पन्हाळ्यावर किंवा रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी उभ्या असलेल्या कोणाला तरी एका ओळीत सरकणारे दिवे दिसतात, त्याचे चित्रीकरण रातोरात शहरभर फिरते आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न सुरू होतात. मी सुट्टीच्या वर्गांमधून मुलांना अवकाशविज्ञान शिकवतो, आणि माझे बालपण उद्यमनगरातल्या इंजिनांच्या वर्कशॉपमध्ये गेले. मला विचारले जाणारे बहुतेक प्रश्न रॉकेट खाली उतरते त्या क्षणाविषयी असतात. उतरल्यानंतर आणि पुन्हा उडण्याआधी त्याच्यावर जे काम होते, त्याविषयी फारच थोडे. माझ्या मते खरा पुनर्वापर त्या कामातच आहे, आणि म्हणून खालच्या उत्तरांत तयारीला जास्त जागा दिली आहे. उदाहरणे प्रामुख्याने स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ या रॉकेटची आहेत, कारण हे काम सर्वाधिक वेळा त्यानेच केले आहे.

रॉकेट पुन्हा वापरतात म्हणजे अख्खे रॉकेट परत येते का?

नाही. फाल्कन ९ हे सुमारे ७० मीटर उंचीचे, दोन टप्प्यांचे रॉकेट आहे. खालच्या टप्प्याला नऊ मर्लिन इंजिने असतात आणि वरच्याला एक. परत येतो तो खालचा टप्पा, ज्याला बोलताना सगळे बूस्टर म्हणतात. उपग्रहांना झाकणारे टोकाचे आवरण, म्हणजे फेअरिंग, दोन अर्ध्या भागांत सुटते. ते भाग पॅराशूटने समुद्रात उतरतात आणि जहाजाने उचलून आणले जातात. वरचा टप्पा मात्र प्रत्येक वेळी नवा लागतो, आणि उपग्रह सोडून झाले की बहुतेक वेळा तो वातावरणात आणून जाळला जातो. बूस्टरवर एवढा भर देण्याचे कारण सरळ आहे : रॉकेटच्या किमतीचा अर्ध्याहून अधिक वाटा या एकाच भागाचा असतो.

बूस्टर परत उतरतो तो नेमका कसा?

उड्डाणानंतर साधारण अडीच मिनिटांनी खालचा टप्पा वेगळा होतो. त्या वेळी तो साठ-सत्तर किलोमीटर उंचीवर असतो आणि वेगामुळे आणखी वर चढून मगच खाली येऊ लागतो. दाट वातावरणात शिरण्याआधी तीन इंजिने थोडा वेळ पुन्हा पेटवून वेग कमी केला जातो, नाहीतर हवेच्या घर्षणाने त्याचा खालचा भाग जळून जाईल. त्यानंतर दिशा सांभाळण्याचे काम वरच्या टोकाला असलेले चार जाळीदार पंख करतात. हे पंख आधी ॲल्युमिनियमचे होते आणि परतीच्या उष्णतेने त्यांच्या कडा जळत असत. २०१७ पासून ते टायटॅनियमचे वापरले जाऊ लागले.

शेवटी पुन्हा इंजिन पेटते, आणि इथली अडचण समजून घेण्यासारखी आहे. जवळजवळ रिकामा झालेला बूस्टर इतका हलका असतो की, एकच इंजिन जमेल तितके मंद करून चालवले तरी त्याचा रेटा बूस्टरच्या वजनापेक्षा जास्तच भरतो. त्यामुळे हेलिकॉप्टरसारखे हवेत थांबून, जागा पाहून अलगद उतरणे त्याला शक्यच नसते. वेग शून्यावर येण्याचा क्षण आणि पाय टेकण्याचा क्षण एकच साधावा लागतो. इंजिन लवकर पेटले तर बूस्टर पुन्हा वर जाऊ लागेल, आणि उशिरा पेटले तर तो आदळेल. भारतीय वेळेनुसार २२ डिसेंबर २०१५ रोजी असा बूस्टर प्रथमच जमिनीवर सुखरूप उतरला, आणि एप्रिल २०१६ मध्ये समुद्रातल्या तराफ्यासारख्या जहाजावर. इंटरनेटचे उपग्रह नेणारी बहुतेक उड्डाणे जहाजावरच उतरतात, कारण किनाऱ्याला परतायचे म्हटले तर त्यासाठी जास्त इंधन राखून ठेवावे लागते आणि तेवढे उपग्रह कमी न्यावे लागतात.

उतरल्यावर लगेच इंधन भरून पुन्हा उडवतात का?

नाही, आणि हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

उतरलेल्या बूस्टरचे छायाचित्र मी एकदा उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींना दाखवले होते. पांढरा बूस्टर खालून अर्ध्याहून अधिक काळा पडलेला होता. त्यांनी चष्मा वर करून ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "उतरलं ते बरं झालं, पण आतनं कसं हाय ते बघितल्याबिगर परत कोण लावंल?" रॉकेटच्या बाबतीत इतका नेमका प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही. इंजिनाचे हेड उतरवून वॉल्व्ह, रिंगा आणि बेअरिंग बोटाने चाचपून पाहिल्याशिवाय ते चांगले आहे असे न म्हणणारा माणूस जे विचारील, तेच रॉकेट बनवणाऱ्यांनाही विचारावे लागले.

जहाज बंदरात आले की क्रेनने बूस्टर उचलून त्याचे चार पाय दुमडले जातात, त्याला आडवे केले जाते आणि हँगरमध्ये नेले जाते. बाहेरची काजळी ही केरोसीनच्या ज्वाळेची असते आणि ती दिसायला वाईट असली तरी फारशी घातक नसते. पुष्कळ बूस्टर पुढच्या उड्डाणाला तसेच काळपट अंगाने उभे राहिलेले दिसतात. खरी काळजी आतल्या भागांची असते. मर्लिन इंजिनात एक छोटा वायुजनक असतो, जो जाणूनबुजून जास्त केरोसीन आणि कमी ऑक्सिजनवर चालतो, कारण तसे केल्याने तापमान टर्बाइनच्या पात्यांना सोसेल इतके राहते. अशा ज्वलनात काजळी ही धरणारच. त्या गरम वायूने टर्बाइन फिरते आणि टर्बाइन पंपांना फिरवते. पाती तापतात, थंड होतात, पुन्हा तापतात, आणि धातूला भेगा पडतात त्या अशाच ठिकाणी. सुरुवातीच्या इंजिनांत टर्बाइनला अशा भेगा आढळल्याही होत्या, आणि २०१८ च्या मे महिन्यात प्रथम उडालेल्या ब्लॉक ५ या सुधारित रचनेत अशा अनेक दुबळ्या जागा बदलण्यात आल्या. तपासणीत आत कॅमेऱ्याची बारीक नळी घालून पृष्ठभाग पाहिले जातात, गळती तपासली जाते, वॉल्व्ह उघडझाप करून पाहिले जातात, उष्णतारोधक आच्छादने बदलायची की ठेवायची हे ठरवले जाते.

या कामाला लागणारा वेळ कसा घटला, हे दोन आकड्यांवरून कळेल. ३० मार्च २०१७ रोजी वापरलेला बूस्टर प्रथमच दुसऱ्यांदा उडवण्यात आला, तेव्हा त्याच्या दोन उड्डाणांमध्ये जवळजवळ एक वर्षाचे अंतर होते. मार्च २०२५ मध्ये एका बूस्टरने अवघ्या ९ दिवसांत पुन्हा उड्डाण केले. मधल्या आठ वर्षांत तपासणी ढिली झाली असा याचा अर्थ नाही. शेकडो वेळा उघडून पाहिल्यावर कोणता भाग प्रत्येक वेळी पाहायचा आणि कोणता पाच उड्डाणांनी, हे अनुभवाने कळत गेले.

एक बूस्टर किती वेळा वापरला जातो?

सुरुवातीला १० उड्डाणांचे उद्दिष्ट होते. आता सर्वाधिक वापरलेल्या बूस्टरने ३० चा टप्पा ओलांडला आहे. नव्या मर्यादा गाठण्यासाठी कंपनी दुसऱ्याच्या उपग्रहांऐवजी स्वतःच्या इंटरनेट उपग्रहांचीच उड्डाणे वापरते. हे मला प्रामाणिकपणाचे वाटते, कारण जोखीम ज्याची, माल त्याचाच राहतो.

तयारीत काही राहून गेले तर काय होते?

याची तीन उदाहरणे मी वर्गात नेहमी सांगतो, कारण तिन्ही ठिकाणी दोष अतिशय लहान होता.

मार्च २०२० मध्ये ६० इंटरनेट उपग्रह घेऊन निघालेल्या, पाचव्यांदा उडणाऱ्या बूस्टरचे एक इंजिन चढतानाच बंद पडले. उरलेल्या आठ इंजिनांनी उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचवले, पण बूस्टर परत उतरू शकला नाही. चौकशीत आढळले की इंजिनाच्या सफाईसाठी वापरलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थोडासा अंश एका सेन्सरच्या बंद पोकळीत अडकून राहिला होता आणि उड्डाणात तो पेटला. म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी जी स्वच्छता केली, तीच पुरती झाली नव्हती.

ऑक्टोबर २०२० मध्ये दिशादर्शनाचा एक उपग्रह नेणारे रॉकेट उड्डाणाला दोन सेकंद उरले असताना संगणकाने आपोआप थांबवले. ही इंजिने नवीन होती. ॲल्युमिनियमच्या भागांवर ॲनोडायझिंग, म्हणजे संरक्षक थर चढवण्याची प्रक्रिया, करताना जो भाग झाकायचा असतो त्यावर लाखेसारखे लुकण लावतात. ते धुऊन काढताना त्याचा कण एका बारीक छिद्रात राहून सुकला होता. छिद्र जेमतेम दीड मिलिमीटरचे. ॲनोडायझिंग आणि मास्किंग ही कामे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांना नवीन नाहीत, आणि धुलाईनंतर छिद्रांतून हवा मारून पाहायची सवय किती मोलाची आहे हे त्यांना वेगळे सांगायला नको.

फेब्रुवारी २०२१ मध्ये इंजिनाभोवतीच्या उष्णतारोधक आच्छादनाला उष्णतेने छोटे छिद्र पडले, गरम वायू आत शिरला, इंजिन बंद झाले आणि तोही बूस्टर परतीच्या वाटेत गमावला. उपग्रह याही वेळी ठरल्या जागी पोहोचले. पहिल्या उदाहरणात सफाईचा अंश राहिला, दुसऱ्यात लुकण, तिसऱ्यात वापराने होणाऱ्या झिजेचा अंदाज चुकला. पुनर्वापराला खरा धोका आहे तो या तीन गोष्टींचा.

उपग्रह रॉकेटवर कसे बसवतात?

इंटरनेटचे हे उपग्रह चपटे, एखाद्या मोठ्या पाटासारखे बनवलेले असतात आणि भाकऱ्यांच्या चवडीप्रमाणे एकावर एक रचले जातात. उभ्या दांड्यांच्या ताणाने ती चवड घट्ट धरलेली असते. अवकाशात पोहोचल्यावर वरचा टप्पा हळूहळू फिरू लागतो, दांडे सुटतात आणि उपग्रह पत्त्यांसारखे पसरत दूर जातात. प्रत्येकासाठी वेगळी स्प्रिंग किंवा खण नसल्याने वजन आणि जागा दोन्ही वाचतात. मे २०१९ मधल्या पहिल्या तुकडीत ६० उपग्रह होते आणि प्रत्येकाचे वजन सुमारे २२७ किलो होते. पुढच्या पिढीचे उपग्रह बरेच जड असल्याने एका उड्डाणात वीस-पंचवीसच मावतात.

चवडीवर फेअरिंग चढवले जाते. ते सुमारे १३ मीटर उंच आणि ५ मीटरहून थोडे अधिक रुंद असते. मग रॉकेट हँगरमध्ये आडवे असतानाच ते टोकाला जोडले जाते आणि सगळी जोडणी उचलणीच्या पोलादी सांगाड्यावर ठेवून रुळांवरून तळावर आणून उभी केली जाते.

उड्डाणाआधी जमिनीवर इंजिने पेटवून का पाहतात?

रॉकेट तळाला जखडून ठेवून काही सेकंद इंजिने पेटवली की पंप, वॉल्व्ह, प्रज्वलन आणि संगणक यांचा एकत्रित व्यवहार कळतो. वारंवार उडालेल्या बूस्टरच्या बाबतीत ही चाचणी आता पुष्कळदा वगळली जाते, कारण मागचे उड्डाण हीच त्याची सर्वांत मोठी चाचणी असते.

या चाचणीशी जोडलेली एक दुर्घटना इथे सांगितली पाहिजे. १ सप्टेंबर २०१६ रोजी फ्लोरिडातील केप कॅनव्हेरल येथे अशाच चाचणीसाठी इंधन भरले जात असताना वरच्या टप्प्यात स्फोट झाला. रॉकेटसह आमोस ६ हा उपग्रह नष्ट झाला. आफ्रिकेतल्या अनेक देशांना इंटरनेट पुरवण्याचे काम त्याच्याकडे होते. हेलियमच्या टाकीच्या ॲल्युमिनियमच्या अस्तरात आणि बाहेरच्या कार्बन तंतूंच्या वेष्टनात अतिथंड ऑक्सिजन अडकल्याने आग लागली, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर ग्राहकाचा मौल्यवान उपग्रह चाचणीच्या वेळी रॉकेटवर ठेवायचा नाही, ही पद्धत पडली.

रॉकेटमध्ये भरतात ते आपले रॉकेलच का?

त्याच कुळातले, पण फार शुद्ध केलेले. त्याला आरपी-१ म्हणतात. गंधक आणि डिंकासारखा थर धरणारे घटक त्यातून काढलेले असतात, कारण इंजिनाच्या भिंतीतल्या बारीक वाहिन्यांतून हेच इंधन थंडाव्यासाठी फिरवले जाते आणि त्या बुजल्या तर इंजिन संपले. रेशनच्या रॉकेलने स्टोव्हचे बर्नर कसे तुंबायचे आणि पिन मारून ते कसे मोकळे करावे लागायचे, हे ज्या घरांनी पाहिले आहे त्यांना हा मुद्दा लगेच कळेल.

इंधन अगदी शेवटच्या अर्ध्या तासात का भरतात?

कोविडच्या काळात रुग्णालयांच्या आवारात उभ्या असलेल्या द्रवरूप ऑक्सिजनच्या टाक्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. भर उन्हात त्यांच्या नळ्यांवर पांढरे बर्फ साचलेले असायचे आणि खाली धुक्यासारखी वाफ उतरत असायची. साधारण दाबाला ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे बाहेरच्या हवेची उष्णता लागली की त्याची वाफ होत राहते.

फाल्कन ९ मध्ये हाच ऑक्सिजन आणखी थंड करून, सुमारे उणे २०७ अंशांवर भरला जातो. थंड द्रव दाट होतो, म्हणून तेवढ्याच टाकीत जास्त मावतो. केरोसीनसुद्धा उणे ७ अंशांपर्यंत थंड केले जाते. या जादा इंधनामुळेच उपग्रह वर पोहोचवूनही बूस्टरला परत येण्यापुरता साठा उरतो. पण हा फायदा मिनिटांचाच असतो, कारण टाकीत गेल्या क्षणापासून ऑक्सिजन तापू लागतो. म्हणून उड्डाणाला ३८ मिनिटे असताना भरण्याची परवानगी दिली जाते, ३५ मिनिटे असताना पहिल्या टप्प्यात भरणे सुरू होते, १६ मिनिटे असताना वरच्या टप्प्यात ऑक्सिजन जाऊ लागतो, आणि ७ मिनिटे असताना इंजिनांच्या नळ्यांतून थोडा ऑक्सिजन सोडून त्या थंड केल्या जातात, जेणेकरून तापलेल्या धातूवर एकदम थंड द्रव पडून तडा जाऊ नये. शेवटच्या मिनिटाला ताबा रॉकेटवरच्या संगणकाकडे जातो. ४५ सेकंद असताना प्रमुख अधिकारी अंतिम होकार देतात आणि ३ सेकंद असताना इंजिने पेटतात. त्या तीन सेकंदांत नऊही इंजिनांचे आकडे बरोबर आले तरच पकड सुटते.

भरणे सुरू झाल्यावर काही अडले, तर घड्याळ थांबवून पुढे चालू ठेवता येत नाही. सहसा सगळे रिकामे करून पुन्हा सुरुवात करावी लागते. "पाचच मिनिटे थांबून का उडवत नाहीत?" असे विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे.

चांगले ऊन पडलेले असताना हवामानाचे कारण देऊन उड्डाण का रद्द करतात?

जमिनीवरचे ऊन पुरेसे नसते. दहा-बारा किलोमीटर उंचीवरचे वारे जोरात दिशा बदलत असतील तर लांब आणि सडपातळ रॉकेटवर वाकवणारा ताण येतो. दुसरे कारण वीज. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत दुपारी ढग चढतात तसेच फ्लोरिडात उन्हाळाभर चढतात, आणि उडणारे रॉकेट त्याच्या तापलेल्या धुराच्या शेपटासह विजेला वाट करून देते, म्हणजे ढगात वीज आधी चमकत नसली तरी ती रॉकेटमुळे पडू शकते. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ वर अशीच वीज पडली आणि ते बचावले. मार्च १९८७ मध्ये ॲटलस सेंटॉर रॉकेट मात्र विजेमुळे गमावले गेले. पुनर्वापरामुळे तिसरी अट वाढली आहे, ती म्हणजे शेकडो किलोमीटर दूर जहाज जिथे थांबले आहे तिथला समुद्र शांत हवा. डिसेंबर २०२३ मध्ये १९ उड्डाणे केलेला एक बूस्टर नीट उतरला, पण परतीच्या प्रवासात वारा आणि लाटांमुळे जहाजावर कलंडून मोडला.

इंटरनेटसाठी हजारो उपग्रह कशाला? एक मोठा पुरत नाही का?

पुरतो, पण उशिरा उत्तर देतो. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येणार आणि उत्तर पुन्हा त्याच वाटेने फिरणार, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला याच फेरीसाठी सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. मात्र इतक्या खालून एका उपग्रहाला जमिनीचा थोडाच भाग दिसतो आणि तो काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो, म्हणून एकामागून एक येणारी मोठी संख्या लागते. शिवाय हे उपग्रह सुमारे पाच वर्षांचेच असतात, त्यामुळे पाठवण्याचे काम कधी संपत नाही. २०२४ या एका वर्षात फाल्कन मालिकेची १३० हून अधिक उड्डाणे झाली आणि त्यांतली बहुसंख्य या उपग्रहांसाठी होती. प्रत्येक वेळी नवे रॉकेट बांधायचे असते तर हा वेग कोणालाच झेपला नसता.

आकाशात दिसणारी दिव्यांची रांग ती हीच का?

होय. सोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत उपग्रह कमी उंचीवर आणि एकमेकांजवळ असतात, आणि आपल्याकडे अंधार पडला तरी त्यांच्यावर ऊन पडलेले असते. पुढे ते विद्युत इंजिनांनी हळूहळू वर चढतात आणि विखुरतात. खगोल अभ्यासकांची तक्रार मात्र खरी आहे : दीर्घकाळ उघड्या ठेवलेल्या दुर्बिणीच्या चित्रांवर त्यांचे ओरखडे उमटतात. उपग्रह कमी चकाकणारे करण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण प्रश्न मिटलेला नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात जे तुकडे पडले, ते अशाच रॉकेटचे होते का?

नाही. २ एप्रिल २०२२ च्या रात्री सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी कडी आणि गोळे पडले, ते चीनच्या एका रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. मालकाच्या ताब्यात न राहता कक्षेत भटकणारा टप्पा केव्हा आणि कुठे पडेल याचा नेम नसतो. बूस्टर परत आणल्याने हा धोका पूर्ण जात नाही, कारण वरचा टप्पा राहतोच. तो इंजिन पेटवून निर्मनुष्य समुद्रावर उतरवणे हाच सध्याचा उपाय आहे.

गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या वाड्यावस्त्यांना याचा उपयोग होईल का?

माझे मत होय असे आहे, पण अटींसह. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात वीज आणि मोबाईल बंद पडून गावांचा संपर्क तुटला होता. अशा वेळी सौर पॅनेल, बॅटरी आणि मोकळे आकाश एवढ्यावर चालणारी जोडणी आरोग्य केंद्राला किंवा ग्रामपंचायतीला मोठा आधार ठरेल. पण उपग्रहाचे संदेश घेणाऱ्या थाळीला आकाशाचा मोठा भाग उघडा लागतो, दाट झाडी आणि दरीचा कडा आड आला की जोडणी तुटते, आणि गगनबावड्यासारख्या मुसळधार पावसात संदेश क्षीण होतो. स्टारलिंकला, म्हणजे स्पेसएक्सच्या या उपग्रह-इंटरनेट सेवेला, भारतात दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये आणि खासगी अवकाश कंपन्यांना परवानगी देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेची मान्यता जुलै २०२५ मध्ये मिळाली. जिथे फायबर पोहोचले आहे तिथे मात्र फायबरच घ्यावे. त्याची बरोबरी उपग्रह करू शकत नाही.

या सगळ्यात भारत कुठे आहे?

इंटरनेटचे उपग्रह पाठवण्याचे काम इस्रोने केले आहे. रशियन रॉकेटांची वाट बंद झाल्यावर वनवेब कंपनीचे ३६ उपग्रह ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि आणखी ३६ मार्च २०२३ मध्ये इस्रोच्या एलव्हीएम ३ या रॉकेटने श्रीहरिकोट्याहून नेले. उलट भारताचाच जीसॅट एन-२ हा ४,७०० किलोंचा इंटरनेट उपग्रह नोव्हेंबर २०२४ मध्ये फाल्कन ९ ने न्यावा लागला, कारण त्याला लागणाऱ्या उंच कक्षेसाठी एलव्हीएम ३ ची क्षमता सुमारे चार टनांची आहे.

पुनर्वापराचा आपला प्रयोग कोल्हापूरपासून फार दूर नाही. आपल्या दारावरून जाणारा पुणे-बंगळुरू महामार्ग धरून दक्षिणेला गेले की चित्रदुर्ग लागते. त्या जिल्ह्यातल्या धावपट्टीवर इस्रोने पंख असलेले प्रायोगिक यान एप्रिल २०२३ मध्ये, आणि नंतर २०२४ च्या मार्च व जून महिन्यांत हेलिकॉप्टरमधून सुमारे साडेचार किलोमीटर उंचीवर सोडून स्वतःच्या बुद्धीने उतरवून दाखवले. बूस्टर उभा उतरवणारे रॉकेट अजून आपल्याकडे नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या नव्या पिढीच्या प्रक्षेपकाचा पहिला टप्पा पुन्हा वापरता येईल असा आखलेला आहे.

इथल्या मुलांना या क्षेत्रात जायचे असेल तर?

तिरुवनंतपुरमजवळची भारतीय अवकाशविज्ञान व तंत्रज्ञान संस्था ही जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणांवर प्रवेश देते. पण सगळ्यांनी शास्त्रज्ञच झाले पाहिजे असे नाही. इस्रोचे विकास इंजिन मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनते आणि घन इंधनाच्या मोटारींची पोलादी कवचे पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला बनतात. वेल्डिंग, क्ष-किरण तपासणी, मोजमाप, पृष्ठप्रक्रिया ही कामे आयटीआय आणि पदविका शिकलेली माणसेच करतात. पुनर्वापर वाढेल तशी तपासणाऱ्या हातांची गरज वाढणार आहे, आणि दहावीनंतर फाउंड्रीत किंवा लेथवर उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलांनी हे काम परके समजू नये असे मला मनापासून वाटते.

थेट प्रक्षेपण कोल्हापुरातून केव्हा आणि कसे पाहावे?

फ्लोरिडाची वेळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास असते, म्हणून तिथले संध्याकाळचे उड्डाण आपल्याला दुसऱ्या दिवशी पहाटे किंवा सकाळी दिसते. शेवटची पाच मिनिटे पाहू नका, अर्धा तास आधीपासून पाहा. इंधन भरू लागले की रॉकेटच्या अंगावर हवेतली वाफ गोठून पांढरा थर चढतो. वापरलेल्या बूस्टरवर मागच्या उड्डाणाची काजळीही दिसते : खालचा केरोसीनच्या टाकीचा भाग जास्त काळा आणि वरचा ऑक्सिजनच्या टाकीचा भाग उजळ, कारण परतताना तिथे बर्फाचा थर असल्याने काजळी नीट धरत नाही. प्रज्वलनाच्या क्षणी नोझलजवळ हिरवी चमक दिसते. ती ट्रायइथाइल ॲल्युमिनियम आणि ट्रायइथाइल बोरेन या हवेत आपोआप पेटणाऱ्या द्रवांची असते आणि तो हिरवा रंग बोरॉनचा असतो. परतीच्या वेळी इंजिन पुन्हा पेटते तेव्हाही तीच चमक एक क्षण दिसते, त्यानंतर पायांखाली जहाजाचा पत्रा येतो, आणि पुष्कळदा थरथरीने चित्रच काही सेकंद गोठून जाते. चित्र परत आले की बूस्टर उभा आहे का एवढे पाहून बंद करू नका. त्याचा क्रमांक आणि कितवे उड्डाण ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे काही आठवड्यांनी तोच बूस्टर पुन्हा तळावर उभा दिसला की मधल्या दिवसांत त्याच्यावर किती हातांनी काम केले असेल याचा अंदाज तुम्हाला बांधता येईल.